सिद्ध केलेली आज्ञावली का चुकली?

शाळेच्या ग्रंथालयातला एखादा जाडजूड शब्दकोश समोर घ्या आणि त्यात ‘पारा’ हा शब्द शोधा. तुम्ही पहिल्या पानापासून सुरुवात कराल काय? मुळीच नाही. कोश अंदाजाने मध्येच कुठेतरी उघडाल. समोर ‘न’ आला तर ‘प’ पुढे असणार हे ओळखून अलीकडची सारी पाने सोडून द्याल. उरलेल्या पानांत पुन्हा मध्ये बोट घालाल. आता ‘भ’ लागला तर पलीकडची पाने सोडाल. असे करत करत थोड्याच वेळात नेमक्या पानावर याल. ही युक्ती तुम्हाला कोणी मुद्दाम शिकवलेली नसते.

संगणकही क्रमाने लावलेल्या यादीतली वस्तू पुष्कळदा असाच शोधतो. फरक एवढाच की, तो अंदाज करत नाही. प्रत्येक वेळी उरलेल्या यादीच्या बरोबर मध्यावर पाहतो. या रीतीला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. आपण तिला द्विभाजन शोध म्हणू. दर वेळी यादी निम्मी किंवा त्याहून कमी उरते, म्हणून १,००० संख्यांच्या यादीत जास्तीत जास्त १० वेळा पाहावे लागते आणि १० लाख संख्यांच्या यादीत फक्त २० वेळा. यादी हजारपट वाढली, पण कष्ट दुप्पटच झाले!

तुम्ही म्हणाल, इतकी सोपी रीत, तिची आज्ञावली लिहिणे म्हणजे काय मोठेसे काम? इतिहास मात्र वेगळे सांगतो. ‘एनिॲक’ हा संगणक उभारणाऱ्यांपैकी एक, जॉन मॉक्ली, यांनी १९४६ साली ही रीत आपल्या व्याख्यानात मांडली. पण यादीची लांबी कितीही असली तरी चालेल अशी रीत छापून यायला १९६० च्या सुमाराची वाट पाहावी लागली. पुढे जॉन बेंटली या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने बेल प्रयोगशाळा आणि आयबीएम येथील अभ्यासवर्गांत मुरलेल्या आज्ञावलीकारांना हाच प्रश्न घातला. दोनेक तास दिले. आपापली आज्ञावली पुन्हा तपासल्यावर शंभरांपैकी नव्वद जणांना तिच्यात चूक सापडली, असे त्याने नोंदवले आहे.

म्हणून आपण घाई न करता ही आज्ञावली लिहू. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

आधी मागणी, मग आज्ञावली

पहिला प्रश्न ‘कसे करायचे?’ हा नव्हे. पहिला प्रश्न ‘नेमके काय हवे आहे?’ हा. या प्रश्नाच्या काटेकोर उत्तराला ‘स्पेसिफिकेशन’, म्हणजेच विनिर्देश, म्हणतात. हे उत्तर लिहिणे वाटते तितके सोपे नसते.

समजा, संख्या क्रमाने लावणारी एक आज्ञावली तुम्ही मागितली. मागणी अशी लिहिली : ‘मी दिलेल्या पाच संख्या घ्याव्यात आणि उत्तरादाखल चढत्या क्रमाने लावलेल्या पाच संख्या द्याव्यात.’ एका आळशी पण चलाख आज्ञावलीकाराने अशी आज्ञावली लिहिली की, तुम्ही काहीही द्या, ती १, २, ३, ४, ५ असेच छापते. उत्तरात पाच संख्या आहेत. त्या चढत्या क्रमानेही आहेत. मागणी अक्षरशः पूर्ण झाली! चूक कोणाची? मागणारा एक वाक्य लिहायला विसरला : ‘उत्तरात मी दिलेल्याच संख्या असाव्यात आणि प्रत्येक संख्या जितक्या वेळा दिली तितक्याच वेळा यावी.’ माणसाशी बोलताना हे वाक्य गाळले तरी चालते, कारण ऐकणारा ते मनात भरून घेतो. यंत्राला मन नाही.

आपल्या शोधाची मागणी अशी लिहू. आपल्याजवळ एका ओळीत मांडलेले खण आहेत. त्यांना १, २, ३ असे न या संख्येपर्यंत क्रमांक दिले आहेत. प्रत्येक खणात एक संख्या आहे. सुरुवातीला खरी असलीच पाहिजे अशी गोष्ट, म्हणजे पूर्वअट : खणांतील संख्या चढत्या क्रमाने आहेत. शेवटी खरी ठरली पाहिजे अशी गोष्ट, म्हणजे उत्तरअट : शोधायची संख्या एखाद्या खणात असेल तर तिच्या खणाचा क्रमांक सांगितला जावा, नसेल तर ‘नाही’ असे सांगितले जावे.

पूर्वअट ही मागणाऱ्याची जबाबदारी, उत्तरअट लिहिणाऱ्याची. यादी क्रमाने लावलेलीच नसेल आणि उत्तर चुकले, तर लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. हा एक प्रकारचा करारच झाला.

आता आज्ञावली

ख म्हणजे खालच्या टोकाच्या खणाचा क्रमांक, व म्हणजे वरच्या टोकाच्या खणाचा आणि म म्हणजे मधल्याचा. सुरुवातीला ख = १ आणि व = न. मग पुढील फेरी ख हा व पेक्षा मोठा होत नाही तोवर पुन्हा पुन्हा करायची :

म = (ख + व) ÷ २ काढा; बाकी उरल्यास सोडून द्या. म या खणात पाहा. तेथे हवी ती संख्या असेल तर म हे उत्तर सांगून थांबा. तेथील संख्या हवी त्यापेक्षा लहान असेल तर ख = म + १ करा. मोठी असेल तर व = म − १ करा.

ख हा व पेक्षा मोठा झाला की ‘नाही’ असे सांगून थांबा.

ही रीत वाचताना सरळ वाटते, पण काही जागी निसरडी आहे. समजा, कोणी ‘ख = म + १’ ऐवजी ‘ख = म’ असे लिहिले. बहुतेक वेळा काही बिघडणार नाही. पण ख = ४ आणि व = ५ अशी स्थिती आली आणि चौथ्या खणातील संख्या हवी त्यापेक्षा लहान निघाली तर काय होईल? म = ९ ÷ २, म्हणजे ४. म्हणून ख = ४. पुन्हा म = ४, पुन्हा ख = ४. बिचारा संगणक वीज जाईपर्यंत चौथ्या खणातच पाहत बसेल! दुसऱ्या कोणी ‘ख हा व पेक्षा लहान आहे तोवर’ असे लिहिले, तर शेवटी एकच खण उरल्यावर त्यात न पाहताच संगणक ‘नाही’ म्हणेल. एका चिन्हाचा फरक, पण हातातली वस्तू हरवली.

मग आपली आज्ञावली बरोबर आहे हे कशावरून? दहा याद्यांवर चालवून पाहिली आणि दहाही वेळा उत्तर बरोबर आले, म्हणून? अकराव्या यादीचे काय? डाइकस्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचे म्हणणे असे की, चाचणीने चूक आहे हे दाखवता येते. चूक नाही हे कधीच दाखवता येत नाही. भूमितीत आपण दहा त्रिकोण मोजून तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असल्याचे मानतो काय? नाही, सिद्धता देतो. आज्ञावलीचीही तशी सिद्धता का देऊ नये?

१९६७ साली रॉबर्ट फ्लॉइड आणि १९६९ साली टोनी होअर यांनी नेमका हा मार्ग दाखवला. त्यातील कळ अशी : फेरीगणिक ख, व, म हे सगळे बदलत असतात, पण या धावपळीत एखादे विधान असे शोधून काढायचे की, जे प्रत्येक फेरीच्या आरंभी खरेच असते. त्याला आपण अढळ विधान म्हणू. आपल्या आज्ञावलीचे अढळ विधान असे :

‘हवी ती संख्या यादीत असेलच, तर ती ख ते व या खणांमध्येच आहे.’

पडताळून पाहा. सुरुवातीला ख ते व म्हणजे सगळी यादीच, तेव्हा विधान खरे. म मधील संख्या हवी त्यापेक्षा लहान निघाली, तर यादी चढती असल्यामुळे म आणि त्याच्या अलीकडच्या सगळ्याच संख्या लहान. म्हणून ख = म + १ केले तरी विधान खरेच राहते. संख्या मोठी निघाली तर हेच उलट दिशेने. (पूर्वअट कोठे कामी आली, ते लक्षात आले ना?) शेवटी ख हा व पेक्षा मोठा झाला, तर ख ते व मध्ये एकही खण उरला नाही, म्हणजे संख्या यादीत नाही, आणि ‘नाही’ हे उत्तर बरोबर. राहिला प्रश्न संगणक कायम फिरत राहण्याचा. प्रत्येक फेरीत म हा खण तरी नक्कीच बाद होतो. उरलेल्या खणांची संख्या दर वेळी किमान एकाने घटते आणि ती शून्याखाली जाऊ शकत नाही. तेव्हा फेऱ्या केव्हातरी संपणारच.

सिद्धता पूर्ण. यादी पाच संख्यांची असो की पाच कोटींची, आज्ञावली बरोबरच चालेल.

असे बेंटलीलाही वाटले होते.

२००६ साली काय झाले?

बेंटलीने आपल्या १९८६ सालच्या पुस्तकात ही आज्ञावली अशाच पद्धतीने सिद्ध करून दाखवली होती आणि नंतर तिच्या चाचण्याही घेतल्या होत्या. जोशुआ ब्लॉक या त्याच्या एका श्रोत्याने पुढे ‘जावा’ या संगणकीय भाषेच्या ग्रंथालयासाठी द्विभाजन शोध लिहिला. (आज्ञावलीकारांचे ग्रंथालय म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संग्रह, तेथून त्या कोणीही उचलून वापरायच्या.) ही आज्ञावली सुमारे नऊ वर्षे जगभर बिनबोभाट वापरली गेली आणि मग एके दिवशी कोणाच्या तरी कामात ती कोसळली. २००६ साली ब्लॉकने स्वतःच जाहीर केले की, बेंटलीच्या आणि आपल्या, दोन्ही आज्ञावल्यांत चूक आहे.

चूक कोठे असेल? वरच्या आज्ञावलीवरून पुन्हा एकदा नजर फिरवा. ती आपल्याही आज्ञावलीत आहे.

जुन्या स्कूटरवरचा किलोमीटर मोजणारा आकडा आठवा. त्यात पाच चाके असतील तर ९९,९९९ नंतर १,००,००० येत नाही. ००,००० येतो, कारण सहाव्या आकड्याला जागाच नाही. संगणकातील संख्येलाही ठरावीक जागा असते. जावा भाषेतील नेहमीच्या पूर्णांकाला ३२ बिट मिळतात. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. तिच्यात १ मिळवला की चाक फिरते आणि एकदम −२,१४,७४,८३,६४८ ही ऋण संख्या उमटते. संगणक तक्रारही करत नाही.

आता समजा, यादी फार मोठी आहे आणि शोध चालू असताना ख = ११० कोटी आणि व = १२० कोटी झाले. दोन्ही संख्या ३२ बिटांत सुखाने मावतात. पण म काढताना आपण आधी त्यांची बेरीज करतो. २३० कोटी! ही मावत नाही. चाक फिरते आणि बेरीज −१,९९,४९,६७,२९६ अशी येते. तिची निमपट −९९,७४,८३,६४८. संगणक या क्रमांकाच्या खणात पाहायला जातो. असा खण कोठून असणार?

ही चूक उघडकीस यायला यादीत सुमारे १०७ कोटींहून अधिक नोंदी असाव्या लागतात. बेंटलीने लिहिले त्या काळी एवढी यादी सामावणारी स्मृती सामान्य संगणकाला नव्हतीच. म्हणून लहान याद्यांवर कितीही चाचण्या घेतल्या असत्या, तरी एकही चाचणी फसली नसती.

दुरुस्ती एका ओळीची आहे : म = ख + (व − ख) ÷ २. बीजगणिताच्या दृष्टीने दोन्ही राशी सारख्याच, तुम्ही आठवीतही हे सोडवून दाखवाल. पण यंत्राच्या दृष्टीने सारख्या नाहीत. दुसऱ्या रीतीत वाटेत येणारी कोणतीही संख्या व पेक्षा मोठी होत नाही.

मग सिद्धता खोटी होती काय? नाही. तिची प्रत्येक पायरी बरोबर होती. पण ती गणिताच्या वहीतील पूर्णांकांबद्दल होती, आणि तेथे सर्वांत मोठी संख्या असे काही नसते. ‘ख आणि व यांची बेरीज जागेत मावली पाहिजे’ ही पूर्वअट कोणी लिहिलीच नव्हती. ती सर्वांच्या मनात होती असेही म्हणता येत नाही. ती कोणाच्या मनातच आली नव्हती. न लिहिलेल्या वाक्याची सिद्धता कोण तपासणार?

चाळीस सेकंद

बेरीज फसली म्हणून एखादा शोध अडला, तर फारसे बिघडत नाही. पण ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधून युरोपचे ‘एरियन ५’ हे नवे रॉकेट पहिल्यांदाच उडाले, आणि उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत मार्ग सोडून फुटले. त्यात माणसे नव्हती, पण ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार वैज्ञानिक उपग्रह होते. ते सगळे नष्ट झाले.

चौकशीत कारण निघाले ते आपल्या ओळखीचेच. रॉकेटच्या आडव्या वेगाशी निगडित असलेली एक राशी ६४ बिटांच्या जागेतून १६ बिटांच्या जागेत घालायची होती. १६ बिटांत ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. राशी त्याहून मोठी झाली आणि रॉकेटला दिशा कळवणारा संगणक बंद पडला. जोडीचा राखीव संगणक होता, पण त्यातही हीच आज्ञावली असल्यामुळे तो क्षणभर आधीच बंद पडला होता!

ही आज्ञावली आधीच्या ‘एरियन ४’ रॉकेटसाठी लिहिलेली होती. लिहिणारे निष्काळजी नव्हते. अशा धोक्याच्या सात राशी त्यांनी हेरल्या होत्या. चार राशींना संरक्षण दिले. उरलेल्या तीन राशी एवढ्या वाढूच शकणार नाहीत, असा हिशेब करून त्यांना मोकळे सोडले. एरियन ४ च्या बाबतीत तो हिशेब बरोबरही होता. एरियन ५ चा आडवा वेग सुरुवातीपासूनच बराच जास्त होता. आणि चौकशी समितीला आढळले ते असे की, नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गाची माहिती या उपकरणाच्या विनिर्देशात घालायची नाही, असे संबंधितांनी आपसात ठरवले होते. आज्ञावलीने तिच्याकडे मागितलेले काम केले. मागणीच जुन्या रॉकेटची होती. मला या अपघातातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते.

जाणकारांतील वाद

तेव्हा प्रत्येक आज्ञावलीची सिद्धता द्यावी काय? यावर जाणकारांत एकमत नाही, आणि हा वाद जुना आहे. १९७९ साली डिमिलो, लिप्टन आणि पर्लिस या तिघांनी एक खरमरीत लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा : गणितातील प्रमेयावर आपला विश्वास बसतो तो केवळ सिद्धतेमुळे नव्हे, तर अनेक गणिती ती वाचतात, एकमेकांना समजावून सांगतात, तिच्यातील चुका काढतात म्हणून. आज्ञावलीची सिद्धता लांबलचक आणि कंटाळवाणी. ती कोण वाचणार? डोनाल्ड कनूथ या मातब्बर शास्त्रज्ञानेही १९७७ साली एका टिपणाच्या शेवटी मिश्किलपणे बजावले होते की, ही आज्ञावली मी फक्त सिद्ध केली आहे, चालवून पाहिलेली नाही, तेव्हा जपून!

खुद्द होअर यांनी १९९६ साली मोकळेपणाने कबूल केले की, सिद्धता न देताही व्यवहारातील आज्ञावल्या आपल्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच भरवशाच्या निघाल्या. चाचण्या, शिस्त आणि अनुभव यांनी पुष्कळ काम केले. स्वतःच्याच मताविरुद्ध जाणारा पुरावा असा जाहीरपणे मान्य करणारे थोडेच.

पण दरम्यान एक बदल घडला होता. सिद्धता कोण वाचणार, या प्रश्नाला उत्तर मिळाले : संगणकच वाचेल. सिद्धतेची एकेक पायरी तपासणाऱ्या आज्ञावल्या तयार झाल्या. १९९८ साली सुरू झालेल्या पॅरिसच्या १४ क्रमांकाच्या चालकविरहित मेट्रोमार्गावर सुरक्षिततेची आज्ञावली अशा पद्धतीने पारखलेली आहे. २००९ साली ऑस्ट्रेलियात ‘एसईएल-४’ नावाचा, संगणकाच्या कारभाराचा गाभा सांभाळणारा भाग सिद्ध झाला. आज्ञावलीच्या ओळी सुमारे ८,७०० आणि सिद्धतेच्या ओळी सुमारे २,००,०००! रोजच्या वापरातल्या साध्या आज्ञावलीसाठी एवढा खर्च कोण करील, ही शंका रास्तच आहे. मला मात्र त्या कामातील दुसरीच गोष्ट आवडते : आपण काय काय गृहीत धरले आहे, याची यादी त्यांनी सिद्धतेबरोबरच दिली. यंत्र स्वतः बिघडलेले नाही, हेसुद्धा त्या यादीत लिहिलेले आहे.

आणि सिद्धता पूर्ण झाली नाही, तरी ती फुकट जात नाही. २०१५ साली काही युरोपीय संशोधक जावाच्या ग्रंथालयातील क्रम लावणारी आज्ञावली सिद्ध करायला बसले. सिद्धता एका ठिकाणी अडली ती सुटेचना. का सुटत नाही, याचा माग काढताना त्यांना दिसले की, विशिष्ट प्रकारच्या यादीवर ही आज्ञावली खरोखरच कोसळते. कोट्यवधी यंत्रांवर ती तेव्हा चालू होती.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. शिक्षकांनी १५ चिठ्ठ्यांवर चढत्या क्रमाने संख्या लिहून त्या पालथ्या मांडाव्यात. एका विद्यार्थ्याने ख, दुसऱ्याने व यांची पाटी धरावी. तिसऱ्याने फक्त आज्ञा वाचून तंतोतंत पाळाव्यात, स्वतःची अक्कल मुळीच वापरू नये (हे सर्वांत अवघड काम). चारपेक्षा जास्त चिठ्ठ्या उघडाव्या लागल्या तर काहीतरी चुकले असे समजा. प्रत्येक फेरीच्या आरंभी बाकीच्या वर्गाने अढळ विधान मोठ्याने म्हणून ते खरे आहे का ते पाहावे. मग गुपचूप ‘ख = म + १’ च्या जागी ‘ख = म’ लिहा आणि वर्ग ते केव्हा पकडतो, ते पाहा.

आता थोडे अवघड. पाच खणांत ३, ७, ७, ७, १२ अशा संख्या आहेत आणि आपल्याला ७ शोधायचा आहे. आपली आज्ञावली तिसरा खण सांगते. आपल्या उत्तरअटीप्रमाणे हे उत्तर बरोबर आहे. पण आपल्याला पहिला ७ ज्या खणात आहे तोच हवा असेल तर? आज्ञावलीला हात लावण्यापूर्वी नवी उत्तरअट लिहा. मग अढळ विधान बदलते का ते ठरवा, आणि त्यानंतरच ‘उत्तर सांगून थांबा’ या आज्ञेकडे वळा.